आवाज काहून नाई आला

साकोलीजवळच्या एकोडीच्या पुंडलिकरावांची रुपा लहानपणापासून प्रश्न विचारणारी. धानाची रोवणी चालू असताना ती बायकांना विचारायची, एका जागचं रोप उपटून दुसऱ्या जागी का लावायचं, तिथंच का नाही वाढू द्यायचं? बायका हसायच्या. पुढे तिनं खाणकामाचा डिप्लोमा केला, तेव्हा तिची आई निर्मलाबाई म्हणाली, "जमिनीवरचे सवाल संपले वाटते हिचे." चोविसाव्या वर्षी रुपा तुमसर तालुक्यातल्या एका मँगनीजच्या खाणीत ट्रेनी म्हणून लागली. तिच्यासोबत आणखी दोघी मुली होत्या. त्यांना नकाशा-मोजणीच्या कामावर घेतलं आणि रुपाला दिलं मुबारकभाईंच्या हाताखाली.

मुबारक शेख चोपन्न वर्षांचे. सव्वीस वर्षांपासून खाणीतला स्फोट तेच करत. खडकात भोकं पाडून झाली की त्यात बारुदाच्या कांड्या भरायच्या, वरून ओल्या मातीचे गोळे ठासायचे, वायर जोडायची, माणसं लांब आडोशाला न्यायची आणि मग बटण दाबायचं. स्फोटानंतर धूर विरला की सगळ्यांच्या आधी एकट्यानं आत जायचं, छताचा खडक सळईनं ठोकून पाहायचा. तो ठण्ण वाजला तर पक्का, भद्द वाजला तर सैल. त्यांनी हाक दिली की मगच बाकीचे आत.

रुपाचे प्रश्न त्यांना आवडायचे. "भाई, मातीच कायले? गिट्टीचा चुरा नाई चालत काय?" "मधातलं भोक पहिले काहून उडवायचं?" ते एकेक उत्तर द्यायचे, आणि येत नसेल तर सरळ सांगायचे, "हे मले नाई मालूम. सायबाले विचारू." मातीच्या बाबतीत मात्र रुपानंच त्यांना शिकवलं. गावच्या तलावातली काळी माती तिनं पिशवीभर आणली. ती जास्त चिकट निघाली. तेव्हापासून मुबारकभाई दुसऱ्या पाळीच्या लोकांना सांगायचे, "ही एकोडीची माती होय. आमच्या पोरीनं आणली."

असे पाच महिने गेले.

मग एका शुक्रवारी दूरच्या एका मोठ्या शहरात भर बाजारात स्फोट झाला. चौदा माणसं गेली. धर्माचं नाव घेणाऱ्या कुठल्याशा टोळीनं तो केल्याचं दोन दिवसांत कळलं. टीव्हीवर तेच, मोबाइलवर तेच. जखमींत एक सचिन होता, तिकडे भाजीचा टेम्पो चालवणारा, मूळचा करडी गावचा. खाणीत लोडर चालवणाऱ्या वीरेंद्रचा तो जवाई, लहान बहीण मोनाचा नवरा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सोमवारी सकाळी टोप्या आणि दिवे घ्यायला सगळे रांगेत उभे होते. एरवी तिथं एवढा गलका असे की आपलं नाव पुकारलेलं ऐकू येत नसे. त्या दिवशी मुबारकभाई रांगेत आले आणि बोलणी थांबली. ते मागे उभे राहिले. कुणी त्यांना "या भाई, पुढं या" म्हटलं नाही.

खाली गेल्यावर काम नेहमीसारखं झालं. मुबारकभाईंनी कांड्या भरल्या, स्फोट केला, उरलेल्या कांड्या पेटीत परत ठेवल्या. पेटी वर पाठवण्याआधी रुपानं त्या मोजल्या. पाच होत्या. असायला हव्या तेवढ्याच.

उरलेल्या कांड्या मोजणं हे तिचं कामच होतं. पहिल्याच दिवशी तिला तसं सांगितलं होतं. पण पाच महिन्यांत तिनं ते एकदाही केलं नव्हतं. मुबारकभाई सांगतील तो आकडा ती लिहायची. आज मोजून झाल्यावर तिनं मान वर केली तर मुबारकभाई तिच्याकडेच पाहत होते.

"बरोबर हायेत ना?" त्यांनी विचारलं.

"हाव भाई."

"रोज मोजजो. मीच तुले पहिल्या महिन्यात सांगाले पाहिजे होतं. माहीच चूक." आणि ते पेटीला कुलूप लावायला वाकले.

केबिनच्या बाकावर बसून रुपानं डबा उघडला आणि तसाच बंद केला. आपण आजच का मोजल्या, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर तिनं नियमाचं नाव सांगितलं असतं. स्वतःला ते सांगता येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी वीरेंद्रनं अर्ज तयार केला. मुबारक शेख यांना बारुदाच्या कामावरून हटवून खाणीबाहेरच्या, जमिनीवरच्या कामावर द्यावं, असा. "आमचे सहकारी वीरेंद्र यांचे जावई सचिन यांच्यावर ओढवलेला प्रसंग पाहता कामगारांमध्ये भीतीचे वातावरण आहे," असं त्यात लिहिलं होतं. खाली सदतीस सह्या होत्या. वीरेंद्र रुपाकडे आला.

"ताई, तुमी तर त्याच्या बाजूलेच असता. तुमची सही पाहिजेच."

रुपानं अर्ज दोनदा वाचला. "भाईनं काही केलं काय?"

"केलं तर मंग अर्ज कोण लिहीन? तवा उशीर होईन."

"तुमी अकरा वर्षांपासून त्यायच्या मागंच आत जाऊन राहिले ना?"

वीरेंद्र चिडला. "ताई, माही बहीण अठ्ठावीस वर्षाची हाय. तिचा नवरा कुबडी घेऊन संडासले जाते. तुमाले सवाल सुचतेत, मले झोप नाई." त्याचे डोळे खरंच लाल होते. रुपानं अर्ज त्याला परत दिला. या माणसाचा राग खोटा नव्हता, तो चुकीच्या दारात उभा होता एवढंच तिला दिसत होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. पुंडलिकरावांना एकोडीत बसल्या बसल्या सगळं कळलं होतं.

"सही करून टाक अन् मोकळी हो. नाई तर दुसऱ्या पाळीत बदली माग."

"बाबा, तुमी भाईले पाहिलं तरी हाय काय?"

"मले कायले पाहा लागते? टीव्हीवर रोज पाहून राहिलो."

"टीव्हीवर भाई नाई दिसत, बाबा."

"तू पहिलेपासून अशीच हायेस," पुंडलिकराव म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या तोंडाशी, झाडाखाली, रुपा आणि मुबारकभाई मातीचे गोळे वळत बसले होते. अर्जाचं त्यांना माहीत होतं, खाणीत अशी गोष्ट लपत नाही. रुपानं धीर करून विचारलं, "भाई, ते लोक असं काहून करतेत?"

मुबारकभाईंचा हात थांबला नाही. "कोण लोक?"

"ज्यायनं बाजारात केलं ते."

"मागच्या महिन्यात तुमच्या साकोलीकडं एकानं आपल्या सख्ख्या भावाले धानाच्या बांधीत कुऱ्हाडीनं मारलं. पेपरात होतं. मी तुले विचारलं काय, तुमच्याकडचे लोक असं काहून करतेत म्हणून?"

रुपा हातातला गोळा नुसताच वळत राहिली. त्यांनी तिच्या हातातला गोळा घेतला, तो फार कोरडा झाला होता. त्यात थोडं पाणी घातलं आणि पुन्हा तिच्या हातात दिला.

"रागावू नोको. तू विचारते तरी. बाकीचे नुसते पाहतेत." थोड्या वेळानं ते म्हणाले, "माहा बाप याच खाणीत घन मारून मँगनीज फोडत होता. मी सव्वीस वर्षं बारूद हातात धरली. एक कांडी केवढा खडक फोडते ते मी रोज पाहतो. हे माणसाच्या बाजूले ठेवाचा विचार कोणाच्या मनात कसा येत असंल, हे तुले जेवढं समजत नाई ना, त्याच्यापेक्षा मले जास्त नाई समजत. पन मले कोणी असं नाई विचारत की, मुबारक, तुले काय वाटते. सारे असं पाहतेत जसा मले जवाब मालूमच हाय."

"सचिनले भेटाले गेले नाई तुमी?"

"कसा जाऊ? गेलो तर म्हणतीन, अर्ज मागं घ्या म्हणाले आला. नाई गेलो तर म्हणतीन, पाहा, आला बी नाई."

रुपा त्या दिवशी दोन-तीनदा वीरेंद्रच्या लोडरपाशी जाऊन परत आली. पाळी सुटताना तिनं त्याला गाठलं.

"मी सहीचं पाहते. पन ज्या सचिनच्या नावानं अर्ज हाय त्याले मी एकडाव भेटणार. मंग ठरवीन."

वीरेंद्रला यात अडचण दिसली नाही. उलट त्याला वाटलं, सचिनला पाहिल्यावर हिचे प्रश्न आपोआप बंद पडतील.

रविवारी दोघं बसनं करडीला गेले. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये नुसते खुंट उभे होते. घरासमोरच्या मांडवात सचिन बाजेवर बसला होता, पायाच्या जागी गुंडाळलेली लुंगी. तीस-बत्तीस वर्षांचा सडपातळ माणूस. मोनानं चहा आणला. वीरेंद्रनं रुपाची ओळख करून दिली आणि जरा मोठ्या आवाजात अर्जाचं सांगितलं. सदतीस सह्या झाल्या, सायबांना हलावंच लागेल, वगैरे.

सचिन ऐकत होता. मग त्यानं हात पुढे केला. "दाखवा बरं दादा."

वीरेंद्रनं खिशातून अर्जाची झेरॉक्स काढून दिली. सचिननं ती वाचायला बराच वेळ घेतला.

"याच्यात माहं नाव हाय."

"तुह्यासाठीच तर हाय."

"मले विचारलं काय, दादा?"

वीरेंद्रनं चहाचा कप खाली ठेवला. सचिनचा सूर भांडणाचा नव्हता. "जो येते तो मले पहिले हेच विचारते," तो म्हणाला, "कोण होते ते? तुले उचलणारे कोण होते? आपले होते का त्यायचे होते? एक जण तर मोबाइल धरून विचारत होता. मले काय मालूम? मी खाली पडून होतो. दोघा-तिघांनी मले हातगाडीवर टाकलं. एकाच्या हाताले कांद्याचा वास येत होता. एवढंच ध्यानात हाय. मी नाव नाई विचारलं. त्यायनं बी माहं नाई विचारलं."

मोना दारातून म्हणाली, "डॉक्टरनं जास्त बोलाले मना केलं हाय."

"बोलू दे. कोणी ऐकतच नाई तर." मग तो रुपाकडे वळला. "ताई, तुमी खाणीतल्या ना? बारुदाच्या कामावर?"

"हाव. शिकून राहिली अजून."

"मंग मले एक सांगा. मले त्याचा आवाज काहून नाई आला?"

"म्हणजे?"

"सारे म्हणतेत, दोन किलोमीटरवर आवाज गेला. मी तीस-चाळीस पावलांवर होतो. टेम्पोतून टमाट्याचं कॅरेट उतरवत होतो. मले काहीच नाई आलं ऐकू. पांढरं दिसलं, अन् टमाटे हवेत दिसले, अन् मंग मी खाली. मोनाले सांगतो तर ती म्हणते, तुमी घाबरून गेले होते. डॉक्टरले सांगितलं, त्यानं मान हालवली. एवढा मोठा आवाज झाला अन् मलेच नाई आला, हे कसं होईन? महिना झाला, मी तेच तेच विचार करून राहिलो. डोक्याचं काही झालं काय माह्या?"

रुपानं आजवर हजार प्रश्न विचारले होते, पण असा प्रश्न तिनं दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनं फक्त आडोशामागून, दूरवरून स्फोट ऐकले होते.

"मले नाई मालूम," ती म्हणाली. "पन ज्याले मालूम असंल असा एक माणूस हाय."

"कोण?"

रुपानं वीरेंद्रकडे पाहिलं. वीरेंद्र जमिनीकडे पाहत होता. सचिननं हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं.

"हेच काय ते? मुबारक शेख?" तो म्हणाला. "त्यायले आणा ना, दादा. मले कोणी तरी खरं सांगन."

परतीच्या बसमध्ये वीरेंद्र खिडकीशी बसला होता. मोहाडी गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "मी कसा बोलावू त्याले? कोणत्या तोंडानं?"

"मी सांगते."

"नाई," तो म्हणाला. "सचिननं मले सांगितलं."

त्यानं तीन दिवस लावले. चौथ्या दिवशी पाळी सुटल्यावर मुबारकभाई सायकल काढत होते, तेव्हा वीरेंद्र जवळ जाऊन उभा राहिला. रुपा थोडी मागे होती.

"भाई, माह्या जवायाले तुमाले काही विचाराचं हाय."

मुबारकभाई सावध झाले. "काय विचाराचं हाय?"

"बारुदाचं. त्याले आवाज नाई आला म्हणते. काहून नाई आला ते त्याले पाहिजे." आणि मग घाईघाईनं, "तुमाले यायचं नसंल तर मी समजून घेईन."

मुबारकभाईंनी सायकलचं स्टँड पुन्हा लावलं. "किती दूर होता तो?"

"तीस-चाळीस पावलं म्हणते."

"अन् बाजूले काय होतं? भिंत? गाडी?"

"टेम्पो."

"हं." ते विचार करू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपणही नव्हतं. भोक कुठं पाडायचं हे ठरवताना ते असेच दिसत. "रविवारी जाऊ," ते म्हणाले.

तिघं गेले. मुबारकभाईंनी बाजेसमोर खुर्ची ओढली आणि आधी स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली. टेम्पोचं तोंड कोणीकडं होतं? तू टेम्पोच्या मागं होता का बाजूले? पहिले उजेड दिसला का पहिले धक्का लागला? कानात शिट्टी वाजत होती काय मंग? सचिन एकेक आठवून सांगत होता. मोनाही चुलीवरचं सोडून दाराशी येऊन उभी राहिली. महिनाभरात त्या दिवसाबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं.

"हाव, शिट्टी!" सचिन म्हणाला. "दोन दिवस वाजत होती. मले वाटलं दवाखान्यातली मशीन होय."

"मंग तुह्या डोक्याले काही नाई झालं," मुबारकभाई म्हणाले. "आवाज झाला, अन् तुह्यापर्यंत आला बी. पन त्याच्यासंगं हवेचा धक्का येते. जवळच्या माणसाच्या कानाले तो असा मारते की कान त्याच टायमाले बंद पडते. आवाज म्हणून त्याले काही समजतच नाई. दूरच्याले धडाम ऐकू येते, जवळच्याले नाई. मले हे पुस्तकातून नाई मालूम. मी नवा होतो तवा एकडाव घाई केली, आडोशाच्या अलीकडंच उभा राहिलो. चूक माहीच होती. दूर आडोशामागच्या लोकायनं ऐकलं, मी नाई ऐकलं. धूर दिसला, अन् मी विचारून राहिलो, उडालं काय, उडालं काय."

सचिन हसला. मोनानं नंतर सांगितलं, पाय गेल्यापासून पहिल्यांदा.

"कोणाले सांगितलं होतं काय तुमी?"

"बायकोले. ती म्हणे, तुमी घाबरले होते."

आता मोनाही हसली, पदर तोंडाला लावून. मग सचिन एकाएकी रडू लागला. मुबारकभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वीरेंद्र उठून मांडवाबाहेर गेला. रुपाला तो दिसत होता. कुंपणाशी पाठमोरा उभा होता आणि बाहीनं तोंड पुसत होता.

कानाच्या डॉक्टरला एकदा दाखवा, पडदा फाटला असेल तर इलाज होतो, असं मुबारकभाईंनी निघताना मोनाला दोनदा बजावून सांगितलं. कापलेल्या पायाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं.

सोमवारी वीरेंद्रनं अर्जातली सचिनच्या नावाची ओळ खोडली आणि स्वतःची सहीही. मग तो सह्या करणाऱ्या एकेकाकडे गेला. त्याला धरून सव्वीस जणांनी आपली नावं काढली. अकरा जणांनी काढली नाहीत. त्यातल्या एकानं वीरेंद्रला विचारलं, काय खाऊ घातलं त्यानं तुले? अकरा सह्यांचा अर्ज वर गेला. साहेबांनी मुबारकभाईंच्या कामात काही खोट दाखवा म्हणून विचारलं, ती कुणाला दाखवता आली नाही, आणि अर्ज तिथंच पडून राहिला. ते अकरा जण अजून मुबारकभाईंशी कामापुरतंच बोलतात. मुबारकभाईही त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात, आणि पहिल्यासारखे मोठ्यानं हसत नाहीत. पण छत ठोकून झालं की ते हाक देतात आणि सगळे आत जातात.

पुंडलिकरावांचा फोन आला तेव्हा रुपानं त्यांना करडीची सगळी हकीकत सांगितली. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो एकाएकी बंद झाला. तिला वाटलं फोन कटला.

"बाबा?"

"हाव, हाय." पुंडलिकराव खाकरले. "मी म्हणत होतो, त्या मुबारकभाईले एक विचारजो बरं. त्या तुह्या तळ्याच्या मातीत रेती मिसळवते काय तो? का निव्वळ मातीच घेते?"

"तुमीच येऊन विचारा ना, बाबा."

"येईन," पुंडलिकराव म्हणाले. "धान विकून झालं की येईन."